यजमानाचा चेहरा

‘यजमान’ हा आपल्या भाषेंतील एक मोठा चमत्कारिक शब्द आहे. मुळांत यज्ञ करविणारा तो यजमान. पुढें घरीं आलेल्या अतिथीचा परामर्ष घेणारा गृहस्थ यजमान झाला. पत्नी पतीचा उल्लेख ‘आमचे यजमान’ असा करूं लागली. आणि चाकरमाणसाच्या तोंडीं धन्यालाही तोच शब्द बसला. आतिथ्य आणि मालकी ह्या दोन कल्पना ह्या एका शब्दांत इतक्या सुखानें नांदतात, कीं त्यांत कांहीं विसंगति असेल हें आपल्या मनांतही येत नाहीं. परंतु पाहुणा जेव्हां मेजवानीसाठीं न येतां मजुरीसाठीं येतो, तेव्हां ह्या दोन अर्थांची फारकत झाल्यावांचून राहत नाहीं. परदेशांतून आलेला गरीब मजूर आणि त्याला ठेवून घेणारा समाज ह्यांच्यामधील सारा ताण ह्या फारकतींत सांठविलेला आहे.

हा विचार आमच्या मनांत जागा होण्यास निमित्त झालें तें बेन्यामिन ह्या मलयाळी लेखकाच्या ‘आडुजीवितम्’ ह्या कादंबरीचें. मूळ पुस्तक २००८ सालीं प्रसिद्ध झालें. त्याला केरळ साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. २०१२ सालीं जोसेफ कोयिप्पळ्ळि ह्यांनीं केलेला इंग्रजी अनुवाद निघाला. आणि २०२४ सालीं ब्लेसी ह्यांनीं दिग्दर्शित केलेल्या बोलपटामुळें, ज्यांना मलयाळम् वाङ्मयाचा गंधही नाहीं अशा मराठी घरांतूनही ही कथा पोंचली. आम्हांलाही ती भाषा येत नाहीं. म्हणून पुढील विवेचन अनुवादाच्या आधारानें केलें आहे, हें आरंभींच सांगून टाकतों.

बोलपट पाहून आलेल्या स्नेह्यांशीं व विद्यार्थ्यांशीं बोलतांना एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. बहुतेकांच्या डोळ्यांना पाणी आलें होतें, आणि बहुतेकांचा निष्कर्ष एकच होता: “ते लोकच तसे!” करुणरसाचा परिपाक असल्या वाक्यांत व्हावा ह्याचें आम्हांला वाईट वाटलें, आणि ह्याची जबाबदारी कादंबरीवर किती व वाचकांवर किती, हें तपासून पाहावेंसें वाटलें.

नजीब हा केरळांतील एका नदीच्या पात्रांतली वाळू उपसून पोट भरणारा तरुण. घरीं सैनू ही गर्भवती बायको. होतें नव्हतें तें विकून, वर कर्ज काढून तो व्हिसा मिळवितो आणि हकीम नांवाच्या एका पोरसवद्या सोबत्याबरोबर रियाधच्या विमानतळावर उतरतो. त्यांना न्यावयास बराच वेळ कोणी येत नाहीं. अखेरीस एक अरब येतो, त्यांचे पासपोर्ट ताब्यांत घेतो आणि मोटारीच्या मागल्या हौद्यांत बसवून त्यांना वाळवंटांत नेतो. हाच नजीबचा ‘अर्बाब’, म्हणजे धनी. मग तीन वर्षांहून अधिक काळ शेळ्यामेंढ्या व उंट ह्यांच्या संगतींत, पाण्यांत भिजविलेला खुबूस खाऊन, अंगाला पाणी म्हणून लागूं न देतां नजीब जगतो. पहिल्याच सकाळीं तो शौचासाठीं पाणी घेऊं पाहतो, तोंच त्याच्या पाठीवर फटका बसतो. नदीकांठच्या माणसाला पाण्याची अशी बंदी व्हावी, ह्यांतील दारुण विरोध लेखकानें एका शब्दानेंही स्पष्ट केलेला नाहीं, आणि तेंच त्याच्या कलेचें सामर्थ्य आहे.

कादंबरीचा आरंभ शेवटाकडून होतो. सुटून आलेला नजीब हमीद ह्या सोबत्यासह रियाधमधील बथा येथील पोलिस ठाण्यासमोर, आपल्याला कोणी तरी पकडावें म्हणून ताटकळत उभा आहे. तुरुंग हेंच ज्याला विश्रांतिस्थान वाटतें, त्यानें काय भोगलें असेल ह्याचा अंदाज वाचकाला येथेंच येतो. वाळवंटांत माणसांशीं बोलावयास न मिळालेला नजीब शेळ्यांना गांवाकडच्या माणसांचीं नांवें देतो. मुलगा झाला तर त्याचें ‘नबील’ हें नांव ठेवावें असें त्यानें मनाशीं योजलें होतें. तें नांव तो आपल्या हातीं जन्मलेल्या एका बोकडाला देतो. पुढें धनी त्या बोकडाला खच्ची करवितो, तेव्हां नजीबच्या मनांत काय मोडतें तें सांगावयास नकोच. असल्या प्रसंगांत बेन्यामिन ह्यांची लेखणी थोर साहित्याच्या पंक्तीला बसते, ह्याविषयीं आम्हांला शंका नाहीं.

आतां यजमानाकडे वळूं. अर्बाबाला ह्या पुस्तकांत दुर्बीण आहे, बंदूक आहे, पट्टा आहे. मन मात्र जवळजवळ नाहीं. तोही त्याच रखरखाटांत, त्याच घाणींत, तंबूंतल्या एका खाटेवर दिवस काढतो. तो तेथें कां आहे, त्याला कोणी आहे कीं नाहीं, हें कळत नाहीं. पाऊस आला असतां भेदरून आकसलेला अर्बाब एकदांच आपल्याला दिसतो. मलयाळी माणूस ज्या पावसानें न्हाऊन निघतो, त्याला हा वाळवंटाचा धनी भितो. त्या क्षणीं दोन माणसें एकमेकांसमोर येतील असें वाटतें. पण पाऊस ओसरतो आणि धनी पुन्हां धनी होतो. वाळवंटांतून अर्धमेला होऊन निसटलेल्या नजीबला आपल्या मोटारींत घेऊन शहरापर्यंत पोंचविणारा एक सभ्य अरबही पुस्तकांत आहे. नजीबला त्याच्या रूपानें ईश्वरच भेटल्यासारखें वाटतें. परंतु “ते लोकच तसे” म्हणणाऱ्या वाचकाला हा मोटारवाला आठवत नाहीं. दोष सर्वस्वीं वाचकाचा नाहीं: लेखकानें एका अरबाला राक्षस केलें व दुसऱ्याला देवदूत, माणूस कोणालाच होऊं दिलें नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल, कीं ज्याच्या पाठीवर पट्टा बसला त्यानें पट्टा मारणाऱ्याचें मन कां समजून घ्यावें? आक्षेप सबळ आहे, आणि नजीबपुरता आम्ही तो मान्य करतों. सोसणाऱ्यावर असलें कोणतेंही कर्तव्य नाहीं. परंतु लेखकावर तें आहे. शिवाय अर्बाबाचें मन दाखविणें म्हणजे त्याला क्षमा करणें नव्हे. उलट, ज्या व्यवस्थेनें एका माणसाच्या हातीं दुसऱ्याचें सारें आयुष्य दिलें ती व्यवस्था मग आपल्याला नीट दिसूं लागते. कादंबरीच्या शेवटास ह्याचा विदारक पुरावा आहे. तुरुंगांत अरब धनी येऊन आपापले पळालेले मजूर ओळखून नेतात. नजीबचा अर्बाब येतो, त्याच्यासमोर थांबतो, आणि हा आपल्या व्हिसावरचा नाहीं, नाहीं तर ओढून नेला असता, अशा अर्थाचें बोलून निघून जातो. ज्यानें नजीबचीं वर्षें गिळलीं तो त्याचा कायदेशीर धनीसुद्धां नव्हता!

ह्या प्रसंगाचा अर्थ जातिस्वभावावर बोट ठेवून लागत नाहीं. आखाती देशांत परदेशी मजुराचें वास्तव्य एका ‘कफीला’च्या नांवाशीं बांधण्याची पद्धत रूढ झाली. कफील म्हणजे जामीन. नोकरी बदलणें, देश सोडणें, ह्या साऱ्या गोष्टी त्या जामिनाच्या मर्जीवर राहिल्या. राज्यानें आपली जबाबदारी एका खासगी माणसाच्या खांद्यावर टाकली, आणि त्याबरोबर आपली सत्ताही त्याच्या हातीं दिली. मार्च २०२१ मध्यें सौदी अरेबियानें ह्या नियमांत सुधारणा केल्या, तेव्हां घरगडी, वाहनचालक, शेतमजूर आणि मेंढपाळ त्यांतून वगळले गेले. नजीब मेंढपाळच होता. “ते लोकच तसे” म्हणून डोळे पुसणाऱ्याला ह्या तपशिलाशीं कांहीं कर्तव्य उरत नाहीं. आणि म्हणूनच तो उद्गार आम्हांला क्रूर वाटतो.

यजमानाचें चित्र याहून निराळ्या रीतीनें काढतां येतें काय? सॅम सेल्व्हन ह्यांची ‘द लोन्ली लंडनर्स’ ही कादंबरी १९५६ सालची. सेल्व्हन त्रिनिदादमध्यें जन्मले. हिंदुस्थानांतून तिकडे गेलेल्या घराण्याचें रक्त त्यांच्यांत होतें. आणि १९५० सालीं ते लंडनला आले. १९४८ च्या जून महिन्यांत ‘एम्पायर विंडरश’ हें जहाज वेस्ट इंडीजमधील शेंकडों उतारू घेऊन टिलबरी बंदरास लागलें, तेव्हांपासून सुरू झालेल्या येण्याचा हा वाङ्मयीन आलेख आहे. कायद्यानें हे लोक ब्रिटिश प्रजाजनच होते. परंतु कायद्याचें नागरिकत्व आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांतलें नागरिकत्व ह्यांत किती अंतर असतें, तें धुक्यानें भरलेल्या त्या लंडनमध्यें मोझेस आणि त्याचे सोबती रोज मोजीत असतात.

सेल्व्हन यजमानाला राक्षस करीत नाहींत. ते त्याला हास्यरसाच्या प्रकाशांत उभा करतात. उपाशी गॅलहॅड बागेंतलें एक कबूतर पकडतो, तेव्हां तेथें फिरावयास आलेली एक बाई संतापानें ओरडूं लागते. तिला पांखराची दया येते. भुकेल्या माणसाची भूक तिला दिसतच नाहीं. ती बाई दुष्ट नव्हे. तिची दया तिच्या संवयीच्या वाटेनें वाहते, एवढेंच. दुसऱ्या एका प्रसंगीं टँटी नांवाची म्हातारी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला उधारीची वही ठेवावयास भाग पाडते. आपल्या बेटावर गरिबांना उधार मिळतें, मग येथें कां मिळूं नये, एवढाच तिचा युक्तिवाद. आणि तो गोरा दुकानदार कुरकुरत कां होईना पण तिचें ऐकतो. त्या वहीच्या रूपानें बेटावरची एक रीत लंडनच्या एका गल्लींत रुजते. पाहुणा यजमानाचें घर बदलूं शकतो, आणि यजमान बदलूनही तसाच उभा राहतो, ही मोठी गोष्ट सेल्व्हन ह्यांनीं किती सहज सांगितली आहे!

तरीही सेल्व्हन ह्यांच्या कादंबरींत इंग्रज माणूस बाहेरूनच दिसतो. त्याला आंतून पाहण्याचें धाडस अँड्रिया लेव्ही ह्यांनीं केलें. त्या विंडरशनें आलेल्या एका उतारूची कन्या. त्यांची ‘स्मॉल आयलंड’ ही २००४ सालची कादंबरी चौघांच्या तोंडून सांगितलेली आहे: जमेकाहून आलेलीं गिल्बर्ट व हॉर्टेन्स हीं दोघें, आणि घरमालकीण क्वीनी व तिचा नवरा बर्नार्ड हीं दोघें. बर्नार्ड युद्धानिमित्त हिंदुस्थानांत राहून बऱ्याच काळानें घरीं येतो, तों आपल्या घरांत काळे भाडेकरू! त्याचे विचार संकुचित आहेत, कित्येकदां किळसवाणे आहेत. परंतु लेखिकेनें त्याला ‘मी’ म्हणण्याचा हक्क दिला आहे. वाचतांना त्याचा राग येतो, आणि त्याच वेळीं युद्धानें मोडलेल्या, आपल्याच घरांत परका झालेल्या त्या माणसाची भीति समजतेही. ज्यांच्या अपमानाची ती कहाणी, त्यांच्या मुलीनें अपमान करणाऱ्याला स्वर द्यावा, ही आमच्या मतें वाङ्मयीन न्यायबुद्धीची परिसीमा होय. बर्नार्ड त्यामुळें निर्दोष ठरत नाहीं. त्याचा दोष आतां आपल्याही ओळखीचा होतो.

यजमानाच्या गाऱ्हाण्यांतही कांहीं सत्य असतें, हें मान्य केल्यावांचून ह्या विषयाचें विवेचन प्रामाणिक होणार नाहीं. युद्धोत्तर लंडनमध्यें बाँबवर्षावानें घरें पडलीं होतीं. राहावयास जागा नव्हती. संयुक्त अरब अमिरात व कतार येथें तर मूळचे नागरिक आपल्याच देशांत अल्पसंख्य झाले आहेत. स्वतः बेन्यामिन ह्यांनीं १९९२ पासून २०१३ पर्यंत बहरीनमध्यें वास्तव्य केलें, आणि ‘जॅस्मिन डेज्’ ह्या इंग्रजी नांवानें प्रसिद्ध असलेल्या आपल्या पुढील कादंबरींत त्यांनीं ह्याच प्रश्नाला हात घातला. २०१८ सालीं तिच्या अनुवादाला पहिलें जेसीबी पारितोषिक मिळालें. तिची नायिका समीरा परवीन ही पाकिस्तानी मुलगी, एका आखाती शहरांतील आकाशवाणीवर निवेदिका. तिच्या घरचे पुरुष राजाच्या पोलिसांत चाकरीला. तिचा मित्र अली हा त्याच मातीचा, परंतु शिया असल्यामुळें स्वदेशांत दुय्यम ठरलेला. क्रान्ति पेटते तेव्हां स्थानिक तरुण हक्क मागतात आणि परदेशी नोकर राजाच्या बाजूनें काठी धरतात. येथें पीडित कोण आणि पीडक कोण? पाहुण्याची रोजी यजमानाच्या गुलामगिरीवर उभी आहे, हें समीरेला उमगतें आणि वाचकालाही. ‘आडुजीवितम्’मध्यें जी उणीव आम्हांला जाणवली ती त्याच लेखकानें येथें भरून काढली आहे. खेद एवढाच, कीं पहिल्या पुस्तकावर अश्रु ढाळणाऱ्यांपैकीं फार थोडे ह्या दुसऱ्याकडे वळले.

ह्या चारही पुस्तकांत एक तिसरा इसम पडद्याआड उभा आहे. तो व्हिसा विकणारा दलाल आहे, एका खोलींत दहा माणसें कोंबणारा घरमालक आहे, स्वदेशी तरुणांवर विश्वास नसल्यामुळें परदेशी शिपाई ठेवणारा राजा आहे. पाहुणा व यजमान ह्यांच्या भांडणांत लाभ ह्याचाच होतो. १९५८ सालीं लंडनच्या नॉटिंग हिल भागांत गरीब गोरे तरुण काळ्या शेजाऱ्यांवर चालून गेले. त्याच वस्तींत गरजूंना भरमसाट भाड्यानें कोंदट खोल्या देणारे मालक मात्र सुरक्षित राहिले. पुढें १९६२ च्या कायद्यानें पाहुण्यांच्या येण्यावर निर्बंध आले. भाडेकरूंची नाडवणूक चालूच राहिली. जी कादंबरी ह्या तिसऱ्या इसमाला उजेडांत आणते, ती वाचकाला द्वेषापासून वांचविते.

आणि आतां आपल्या अंगणाकडे. रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक घरें आखातांतल्या पैशावर उभीं राहिलीं आहेत. त्याच जिल्ह्यांत आंब्याच्या बागा राखावयास नेपाळांतून माणसें येतात. एकाच गांवांतला मुलगा तिकडे पाहुणा आणि बाप इकडे यजमान! १९५० च्या भारत-नेपाळ तहानें नेपाळी माणसास येथें राहण्याची व काम करण्याची मुभा आहे. त्याला कफीलाची गरज नाहीं. म्हणजे कायदा आपल्याकडे कितीतरी उदार आहे. मन आहे काय? मराठी कथेंत गुरखा येतो तो बहुधा काठी आणि शिट्टी घेऊन. रात्रीं दोन वाजतां तो वातावरणनिर्मिति करतो आणि चोरी झाली कीं संशयाला उपयोगी पडतो. त्याला गांव असतें, बायको असते, कर्ज असतें, असें त्या कथेंत क्वचितच कळतें.

कथालेखकांना दोष देण्याआधीं आम्ही स्वतःकडे पाहतों. आमच्या वसाहतींत एका नेपाळी पहारेकऱ्यानें अकरा वर्षें काढलीं. सारे त्याला ‘बहादूर’ म्हणत. आम्हीही म्हणत असूं. दिवाळीला आम्ही त्याला फराळ देत असूं, आणि आपण फार चांगले यजमान आहों असें समजत असूं. एके दिवशीं बँकेच्या एका कागदावर भरावयाचें म्हणून त्यानें आपलें नांव सांगितलें, तेव्हां प्रथम आम्हांला कळलें, कीं तें बहादूर नव्हतेंच. त्याच्या आधींच्या पहारेकऱ्यालाही आम्ही बहादूरच म्हणत होतों. ‘आडुजीवितम्’मधला नजीब मुक्या शेळ्यांना माणसांचीं नांवें देतो, आम्हीं एका बोलत्या माणसाचें नांव अकरा वर्षें काढून घेतलें होतें. आमच्या हातीं पट्टा नव्हता, हें खरें. परंतु त्या दिवसानंतर “ते लोकच तसे” हें वाक्य आम्हांला ऐकवेनासें झालें.

म्हणून रसिक वाचकांना आमचें एवढेंच सांगणें आहे: ‘आडुजीवितम्’ अवश्य वाचावें, आणि रडूं आलें तर तें आवरूं नये. परंतु तेवढ्यावर न थांबतां सेल्व्हनची ती कबूतरावरून ओरडणारी बाई, लेव्हीचा बर्नार्ड आणि समीरेचा अली ह्यांनाही भेटावें. परक्या देशांतील यजमान किती निर्दय असतो, हें पहिलें पुस्तक शिकवितें. यजमान म्हणून आपण स्वतः कसे दिसतों, हें कळावयास बाकीच्यांची गरज आहे. आणि मराठींत असें एखादें पुस्तक कोणी लिहावयास घेतलेंच, तर त्यानें आरंभ रियाधपासून करण्याचें कारण नाहीं. रत्नागिरीच्या एखाद्या आंबराईंतली राखणदाराची खोप त्याला पुरेशी आहे. मात्र आंत शिरण्यापूर्वीं त्यानें त्या राखणदाराचें नांव विचारून घ्यावें.